विचार करणारी खरखर

रेडिओवर माणूस बोलत असताना मध्येच बटण बंद करणं म्हणजे पंगतीत बसलेल्या पाहुण्यापुढचं ताट ओढणं, असं आमच्या घरमालकांचं मत होतं. निवेदकाचं वाक्य संपेपर्यंत ते थांबत, मग "बरं, या आता" असं म्हणत आणि मगच रेडिओचा कान पिरगाळत. गुळाचे बाजारभाव सांगणाऱ्यालाही हा मान मिळे. गल्लीतली जिवंत माणसं मात्र त्यांच्याशी बोलताना वाक्य पुरं करू शकत नसत. अर्ध्यातच चाचा म्हणत, "कळलं. पुढं बोला."

सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. शनिवार पेठेतल्या एका बोळात त्यांचं घर होतं. पुढे रेडिओ दुरुस्तीचं दुकान, मागे राहतं घर आणि वर एकच खोली, ती भाड्याने द्यायची. मी हातकणंगल्याहून मुलींच्या शाळेत गणित शिकवायला आले, तेव्हा ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. शाळा सकाळची होती आणि खोली शाळेपासून चालत दहा मिनिटांवर, म्हणून मी विचारायला गेले.

चाचांनी माझी जात विचारली नाही, मटण चालतं का विचारलं नाही, अजून लग्न का नाही हेही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, की मिक्सर आहे का. नाही म्हटलं. ट्यूबलाइट लावणार का. नाही. शिलाई मशीनला मोटर आहे का. मशीनच नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

"इस्त्री आणा," ते म्हणाले. "इस्त्री गप असती."

मग मी भीतभीत सांगितलं की भावाने त्याचा जुना, छोटा, काळापांढरा टीव्ही मला दिला आहे.  चाचा म्हणाले की ठेवा, पण लावायचा नाही. रेडिओ दिसायला लागला की माणूस ऐकायचं सोडतो, हे त्यांचं म्हणणं. शिवाय गच्चीवर अँटेना लावायला जागा नव्हती. पाण्याच्या टाकीपासून शेजारच्या नारळापर्यंत चाचांची तांब्याची तार गेली होती आणि तिच्या आसपास धुणं वाळत घालायलाही बंदी होती. कुणी रेडिओवर लोकरीचं कव्हर घालून वर फुलदाणी ठेवली असेल, तर चाचा तो सेट दुरुस्तीला घेत नसत. माझ्या टीव्हीवर मात्र दोन कव्हरं घाला आणि वर फुलदाणीही ठेवा म्हणाले.

दुरुस्तीची त्यांची पद्धत वैद्याची होती. सेट उघडायच्या आधी ते त्याला कान लावत, डोळे मिटत आणि रोग सांगत. "ह्याच्यात झुरळ हाय," म्हणाले की झुरळ निघायचंच. एकदा बिद्रीहून एक शेतकरी भला मोठा जुना रेडिओ गोधडीत गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन आला. चाचांनी तो लावला, ऐकला, आणि घराशेजारी काय आहे ते विचारलं. विहिरीवरची मोटर आहे म्हटल्यावर त्यांनी गोधडी परत गुंडाळून दिली. "रेडिओ बरा हाय, पावणं," ते म्हणाले. "घर बदला." त्या माणसाने बसायला स्टूल मागून घेतलं, पाणी प्यायला आणि दोन शिव्या देऊन गेला. चाचांना त्याचं काही वाटलं नाही. शिव्या स्वच्छ ऐकू आल्या, म्हणाले.

माणसांबद्दलही ते असंच बोलत. आमच्या मुख्याध्यापिकाबाई एकदा माझ्याकडे आल्या आणि तासभर बोलल्या. त्या गेल्यावर चाचांनी सांगितलं की ह्यांच्यावर एकावेळी दोन स्टेशनं लागतात. माझं स्टेशन बरं लागतं, पण मधूनमधून जातं, असा त्यांचा अभिप्राय होता. चाचींना ऐकू फार कमी यायचं. चाळीस वर्षं त्या ह्या माणसाबरोबर सुखाने नांदल्या त्याचं कारण गल्लीतली माणसं हेच सांगत, आणि चाचींच्या समोर सांगत.

दुपारी साडेतीन ते पाच हा चाचांचा सोवळ्याचा वेळ. तेव्हा दुकानात गिऱ्हाईक आलं तर त्याला खुणेनेच बसायला सांगत. मोठ्या सेटवर ते दूरदूरची परदेशी स्टेशनं लावत आणि जाड पुठ्ठ्याच्या एका रजिस्टरात नोंद करत. तारीख, वेळ, देश, आणि मग शेरा. "आवाज स्वच्छ. बाई नवीन. जुनीला काय झालं?" अशा नोंदी मी स्वतः वाचल्यात. दुकान उघडल्यापासून एकही दिवस कोरा नव्हता. मुलाच्या निकाहाच्या दिवशीसुद्धा वऱ्हाड थांबवून त्यांनी जपान ऐकलं होतं.

ह्या स्टेशनांना ते पत्रंही लिहीत, आणि ती मराठीत. "आपल्या मंगळवारच्या बाईंचा घसा बसला आहे. सुंठ द्यावी. कळावे." तिकडून चित्राची कार्डं यायची, कुठे बर्फाचा डोंगर, कुठे उंच मनोरा. त्यांनी दुकानाची एक भिंत भरली होती. तिकडे मराठी कोण वाचणार, असं मी एकदा विचारलं. "वाचत नसतील तर उत्तर कशाला धाडत्यात?" चाचा म्हणाले. 

दुकानाबाहेर एक लाकडी बाकडं होतं. त्यावर रोज संध्याकाळी वस्ताद येऊन बसत. वस्ताद म्हणजे बोळाच्या तोंडाशी असलेल्या तालमीचे वस्ताद. तरुणपणी त्यांच्या कुस्त्यांना चाचांचा लाउडस्पीकरचा कर्णा लागायचा, तेव्हापासूनची दोस्ती. वस्ताद चाचांना नावाने हाक मारत नसत. "ए रेडिओ, काय म्हणतोय देश?" असं विचारत बाकड्यावर बसत आणि सांगली स्टेशनच्या बातम्या संपेपर्यंत दोघं प्रत्येक बातमीवर भांडत. बाकडं वस्तादांच्या वजनाने मध्यभागी वाकलं होतं. दुसरं कुणी बसलं की घसरत घसरत मधल्या खड्ड्यात यायचं.

चाचांचा मुलगा मस्कतला इलेक्ट्रिशियन होता. त्याची बायको नसीम सासूसासऱ्यांजवळ राहायची. मिरजेच्या कॉलेजात गणित घेऊन बी.एस्सी. झालेली, आणि दिवसभर घरकाम करून दुपारी माझ्या वर्गाच्या वह्या हौसेने तपासणारी. तिच्या चुका काढायच्या आवेशाला मी घाबरून असे. एक दिवस ती ओढणीखाली काहीतरी लपवून वर आली. मस्कतहून आलेल्या एका माणसाबरोबर नवऱ्याने पाठवलेलं ते यंत्र होतं. पाटीएवढी काळी पेटी, वर इंग्रजी अक्षरांची बटणं, आणि टीव्हीला जोडायची वायर. कॉम्प्युटर. मी तोवर फक्त पेपरात वाचलेला.

नवऱ्याने लिहिलं होतं, इथे ऑफिसात बायका हे चालवतात, तू शीक, अब्बांना सध्या सांगू नको. आणि नसीमकडे पेपरचं एक कात्रण होतं. जिल्ह्यातला एक साखर कारखाना कॉम्प्युटर घेणार होता आणि चालवायला दोन माणसं हवी होती. लेखी परीक्षा, मग प्रात्यक्षिक. परीक्षा महिन्यावर होती.

"बाई, तुमचा टीव्ही नुसताच बसलाय," ती म्हणाली.

मी फुलदाणी खाली उतरवली, दोन्ही कव्हरं काढली.

मग रोज दुपारी साडेतीनला, चाचा मोठ्या सेटपुढे बसले की नसीम वर यायची. तेवढाच वेळ ते मान वर करत नसत. लिहिलेला प्रोग्राम टेपवर साठवता यायचा, पण घरातले सगळे टेपरेकॉर्डर चाचांच्या दुकानात पोट उघडून पडलेले. त्यामुळे यंत्र बंद केलं की सगळं पुसलं जायचं आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून बटणं दाबायची. चाची जिन्याच्या पायरीवर सूप घेऊन तांदूळ निवडत राखणीला बसायच्या. ऐकू न येणाऱ्या बाईला पहाऱ्यावर बसवण्यात काय शहाणपण होतं, हे तेव्हा आम्हा दोघी गणितवाल्यांच्या लक्षात आलं नाही.

त्याच आठवड्यात चाचांनी मला खाली हाक मारली. चेहरा उतरलेला. रजिस्टरात देशाच्या रकान्यात नुसतंच "खरखर" लिहिलेलं होतं, तीन दिवस ओळीने.

"ऐका," ते म्हणाले.

मी कान दिला. खरखर होती, पण एकसारखी नव्हती. जरा वेळ टुकटुक, मग एक बारीक सूर चढत जायचा, मग धडपड झाल्यासारखं, मग गप्प. पुन्हा टुकटुक. ती कुठून येते हे मला तेव्हा खरंच कळलं नाही, हे आधीच सांगून टाकते.

चाचा म्हणाले, "मोटरचं न्हाय. मोटर गाढवासारखी असती, एकच सूर. ट्यूबचं न्हाय, ती नुस्ती किरकिरती. ह्यो आवाज इचार करतोय, बाई."

दुसऱ्या दिवसापासून शोध सुरू झाला. चाचांनी छोटा ट्रान्झिस्टर घेतला आणि मला रजिस्टर धरायला लावलं. ट्रान्झिस्टरच्या पोटात एक आडवी काळी कांडी असते. तिचं टोक आवाज जिथून येतो त्या दिशेला केलं की आवाज बसतो. म्हणजे ट्रान्झिस्टर हळूहळू फिरवायचा, खरखर कुठे मरते ते बघायचं, आणि त्या रेषेत चालायचं. ऐकायला सोपं आहे. भर गल्लीत, छातीशी रेडिओ धरून, डोळे मिटून स्वतःभोवती फिरणाऱ्या म्हाताऱ्याच्या मागे हातात रजिस्टर घेऊन उभं राहणं तितकं सोपं नव्हतं. माझ्या वर्गातल्या दोन मुली त्याच गल्लीत राहत होत्या.

पहिला नंबर पिठाच्या गिरणीचा. चाचांनी दहा मिनिटं गिरणी थांबवायला लावली. डबे घेऊन उभ्या असलेल्या बायकांनी त्यांचा, त्यांच्या रेडिओचा आणि जाता जाता माझाही उद्धार केला. गिरणी थांबली, खरखर थांबली नाही. चाचांनी गिरणीवाल्याला तुझं मशीन सज्जन आहे असं सांगितलं आणि पुढे निघाले. मग सोनाराचा विजेवरचा भाता, मग लाँड्री. लाँड्रीवाल्याला तर विचारलंसुद्धा नाही. इस्त्री गप असते.

चौथ्या दिवशी चाचा स्वतःच्याच दाराशी उभे राहिले आणि ट्रान्झिस्टर फिरवू लागले. रेषा पक्की लागली. समोर डॉक्टरांचा दवाखाना होता. डॉक्टर तरुण होते, नुकतेच आलेले, आणि त्यांच्याकडे सांध्यांना आतून शेक देणारं विजेचं मशीन होतं. चाचांचा चेहरा उजळला. असली मशीनं रेडिओची दुश्मन असतात, हे त्यांना माहीत होतं, आणि ते खरंही होतं.

आम्ही आत गेलो. टेबलावर वस्ताद पडले होते. उजव्या गुडघ्याला मशीन लावलेलं. रोज चारची त्यांची वेळ होती. चाचांनी मशीन बंद करा म्हटलं. वस्ताद म्हणाले बंद होणार नाही. मग त्या दोघांत जे झालं ते बाहेर गिरणीपर्यंत ऐकू गेलं. गल्ली गोळा झाली. शेवटी डॉक्टरांनीच घाबरून बटण बंद केलं.

आणि ट्रान्झिस्टर गप्प झाला. खरखर एकदम गेली, सांगलीचा तबला स्वच्छ वाजू लागला.

चाचांनी दोन्ही हात वर केले. सगळे दवाखान्याच्या दाराकडे बघत होते. मी मात्र सहज वळून आमच्या घराकडे बघितलं. वर, माझ्या खिडकीत नसीम उभी होती. भांडण ऐकून काय झालं ते बघायला आलेली. खिडकीत यायच्या आधी तिने यंत्र बंद केलं असणार, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. रजिस्टर माझ्या हातात जड झालं. मी तोंड उघडलं नाही.

गल्लीतल्या पंचांनी ठरवलं की साडेतीन ते पाच मशीन लावायचं नाही. डॉक्टरांनी वस्तादांना दुसरी वेळ देऊ केली. वस्तादांनी ती घेतली नाही. सकाळी तालीम, दुपारी झोप, चारला शेक, हे त्यांचं ठरलेलं होतं, आणि प्रश्न वेळेचा नव्हता. माझ्या गुडघ्यानं ह्याच्या रेडिओचं काय घोडं मारलंय, असं ते भेटेल त्याला विचारत. त्यांनी शेकच सोडला. गुडघा सुजला. संध्याकाळी बाकडं रिकामं राहू लागलं. चाचा बातम्या लावत, पण भांडायला कुणी नसल्यामुळे त्यांना त्या कळेनात. चार दिवसांनी त्यांनी बाकडं उचलून दुकानात आत ठेवलं.

मी नसीमला सगळं सांगितलं. ती रडली नाही, पेटी कव्हरात गुंडाळून कपाटात ठेवली आणि आठवडाभर वर आली नाही. रजिस्टर पुन्हा भरू लागलं. चाचांना वाटलं, रोग सापडला. वस्ताद काठी घेऊन लंगडत दुकानापुढून जायचे, तोंड गिरणीकडे वळवून. मी वरून बघायचे आणि खिडकी लावून घ्यायचे.

आठवड्याने नसीम वर आली. परीक्षेला पंधरा दिवस उरले होते. "मी अब्बांना सांगणार, बाई," ती म्हणाली. "पण परीक्षा झाल्यावर. आता सांगितलं तर पेटी जाईल, आणि परत अशी जागा निघायची न्हाय." मी हो म्हटलं. दुसऱ्याच्या गुडघ्यावर हो म्हणणं सोपं असतं.

खरखर परत आली. चाचा धावत समोर गेले. डॉक्टरांनी त्यांना आत नेऊन मशीन दाखवलं. वायर काढून गुंडाळून ठेवलेली होती, वर धूळ; वस्तादांनंतर शेकाला दुसरं कुणी आलंच नव्हतं. चाचा परत आले आणि दोन दिवस रजिस्टरात पुन्हा नुसतं "खरखर" लिहीत राहिले. तिसऱ्या दिवशी मी शाळेतून येत होते, तर दुकानाच्या पायरीवर बसून त्यांनी मला थांबवलं. हातात ट्रान्झिस्टर होता, बंद.

"बाई, रेषा कुठवर जाती?"

त्यांनी दुसरं काहीही विचारलं असतं तर मी खोटं बोलले असते. पण हे मी रोज सकाळी सातवीच्या वर्गाला शिकवत होते.

"दोन्ही बाजूंना, चाचा," मी म्हणाले. "पुढंही आणि मागंही."

 त्यांनी मान मागे वळवून स्वतःच्या घराकडे बघितलं, खालपासून वरपर्यंत. "बरं," एवढंच म्हणाले.

त्याच दिवशी दुपारी आम्ही दोघी वर होतो. नसीम माझ्या वर्गातल्या चाळीस मुलींची नावं अक्षरांच्या क्रमाने लावायचा प्रोग्राम घालत होती. मी तिला चाचांच्या प्रश्नाचं सांगितलं होतं, तरी ती थांबायला तयार नव्हती. खाली चाचांनी चाचींना वर कोण आहे म्हणून विचारलं. चाचींनी तांदूळ जुना आहे, खडे फार आहेत, असं सांगितलं. चाचा त्यांच्या बाजूने वाट काढून वर आले.

दार ढकललं तेव्हा त्यांच्या हातातला ट्रान्झिस्टर पिसाळल्यासारखा खरखरत होता. त्यांनी टीव्ही बघितला, पेटी बघितली, सून बघितली. नसीमने घाईने वायरीकडे हात नेला.

"बंद करू नको," चाचा म्हणाले. "त्याचं बोलणं पुरं होऊ दे."

ती हात तसाच धरून थांबली. चाचा पुढे आले आणि त्यांनी ट्रान्झिस्टर पेटीजवळ धरला, रोग्याजवळ कान न्यावा तसा. धडपड ऐकू येत होती, मग एक झपाटा, मग जरा छोटा झपाटा, मग आणखी छोटा. मग टुक झालं आणि शांत. टीव्हीवर नावांची यादी उमटली.

"काय केलं त्यानं?"

"नावं लावली, अब्बा. ओळीनं."

"ते ऐकू आलं," चाचा म्हणाले. "पयल्यांदा लई घोळ हुता. मग फेरीगणिक कमी होत गेला."

नसीम त्यांच्याकडे बघतच राहिली. ते अगदी बरोबर होतं. यंत्राबरोबर आलेल्या पुस्तकात तीन पानं लागली होती ते समजावायला. चाचांनी ते परत लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. मग नुसतं मोजायला लावून बघितलं, मग पाढे. प्रत्येक वेळी डोळे मिटून ऐकलं. टीव्हीकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही.

नंतर ते माझ्या खाटेवर बसले आणि एकदम म्हातारे दिसायला लागले.

"मला सांगितलं असतंस तर?" त्यांनी नसीमला विचारलं.

"तुम्ही न्हाय म्हणाला असता."

चाचांनी विचार केला. प्रामाणिकपणे केला, ते दिसत होतं. "व्हय," ते म्हणाले. "म्हणालो असतो." मग, "आता वस्तादाला काय सांगू?"

मग ते उठले आणि आम्हालाही चला म्हणाले. तालमीच्या पायरीवर वस्ताद गुडघ्याला हळदीचा लेप लावून बसले होते. भोवती दहाबारा माणसं होती. मला वाटलं, चाचा त्यांना बाजूला बोलावतील. त्यांनी बोलावलं नाही. कुस्तीच्या मैदानात कर्ण्यावरून बोलत त्याच आवाजात ते बोलले.

"वस्ताद, खरखर दवाखान्याची न्हवती. माझ्याच घरातली हुती. माझी सून मशीन चालवती. मी पुढं बघितलं, मागं बघितलंच न्हाय. चूक माझी."

 नसीमने मान खाली घातली होती. वस्तादांनी तिच्याकडे बघितलं, मग चाचांकडे, मग स्वतःच्या गुडघ्याकडे, आणि गुडघ्याकडे बराच वेळ.

"काय करतंय ते मशीन?"

"नावं ओळीनं लावतंय."

"एवढ्यासाठी माझा गुडघा घालवला?"

चाचांनी मान डोलावली. मग मलाच राहवलं नाही आणि मी कारखान्याच्या परीक्षेचं सांगितलं, दोन जागा आहेत आणि दहा दिवस उरलेत हेही सांगितलं, आणि खिडकीत नसीम दिसली तेव्हापासून मला ठाऊक होतं हेही. वस्तादांनी मला एक शब्द ऐकवला, तो इथे लिहीत नाही. तो माझा हक्काचा होता.

मग त्यांनी हात पुढे केला. चाचांनी तो धरून त्यांना उठवलं, आणि ते चाचांच्या खांद्यावर भार देऊन उभे राहिले.

"मशीन बंद करायचं न्हाय," वस्ताद नसीमला म्हणाले. "गुडघा गेला त्यो गेला. पोरी, आता परीक्षा जाऊ दिलीस तर मग बघ."

दोघं तसेच दवाखान्यात गेले. चाचांनी डॉक्टरांची माफी मागितली आणि शेक चालू असेपर्यंत वस्तादांच्या उशाशी स्टुलावर बसून राहिले. संध्याकाळी बाकडं बाहेर आलं.

चाचा हरणाऱ्यांतले नव्हते. परीक्षाही व्हायला हवी होती आणि दुपारची स्टेशनंही. त्यांनी तेलाचे दोन रिकामे डबे कापले, झाळून जोडले आणि पेटीला पत्र्याचं घर केलं. पुढे हात घालायला दोन भोकं, मागे वायरीला एक, आणि पत्र्याला जोडलेली तार खाली मातीत पुरलेली. नसीम त्या भोकांतून हात घालून न बघता बटणं दाबायची आणि बांगड्या पत्र्यावर वाजायच्या. आत पेटी तापायची, म्हणून चाची शेजारी बसून पंख्याने तिला वारा घालायच्या. त्यांना पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं हे तोवर चाचांनाही कळलं होतं. त्यांनी जाब विचारला, चाचींना तो ऐकू आला नाही. त्या दिवशीच्या रजिस्टरात मी शेरा वाचला: "खरखर अल्प. घरची."

परीक्षेला चाचा स्वतः नसीमला घेऊन गेले. मीही रजा काढून गेले. लेखी झालं, त्यात बरेच गळाले, आणि दुपारी प्रात्यक्षिकाला आठ जण उरले. एका खोलीत एकच कॉम्प्युटर होता. एकेकाला आत बोलवत, तेच काम देत आणि दार लावून घेत. बाहेरच्यांना व्हरांड्यात बसवलं होतं. शिपायाने चाचांना तिथेही बसू दिलं नाही, नातेवाइकांनी झाडाखाली थांबा म्हणाला. चाचा झाडाखाली गेले, आणि थोड्या वेळाने मला दिसले ते खोलीच्या मागच्या भिंतीला टेकलेले, बंद खिडकीखाली, कानाला ट्रान्झिस्टर. शिपाई आला तेव्हा त्यांनी बाजारभाव ऐकतोय म्हणून सांगितलं. आठही जण होईपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

नसीम बाहेर आली ती पांढरीफटक. एका ठिकाणी चुकलं, परत पहिल्यापासून करावं लागलं, म्हणाली. परतीच्या एसटीत ती खिडकीला डोकं टेकून बसली. प्रात्यक्षिक नीट झालं नाही, आता काही खरं नाही, असं तिने ठरवूनच टाकलं होतं. मी समजूत घालत होते. चाचा पुढच्या सीटवर होते. कागल मागे पडल्यावर ते वळले.

"तुझ्यापेक्षा एक पोरगं बेस हुतं," ते म्हणाले. "तिसरं गेलेलं. कुटं अडलं न्हाय. बाकीचे सहा जण नुस्ते चिखलात बैल रुतल्यागत. तू एकदा अडखळलीस, पण वाट सोडली न्हाईस. दुसरी तू."

 नसीमने हळूच विचारलं, "जागा दोन आहेत ना, बाई?"

मी हो म्हटलं.

पंधरा दिवसांनी कारखान्याच्या फाटकावर यादी लागली. नसीम आणि मी जाऊन बघून आलो. पहिलं नाव एका मुलाचं होतं, दुसरं तिचं. चाचांना आम्ही बरोबर चला म्हणून फार आग्रह केला होता, पण ते आले नाहीत. एकदा ऐकलेलं परत वाचायला कशाला जायचं, म्हणाले.